भूक लागते तरी कुठून?

मैत्रिणींनो, 'तोंडावर जरा ताबा ठेव' हे आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलंय! पण भूक ही नुसती मनाची गोष्ट नाही. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांना उंदराच्या जठरात घ्रेलिन हे संप्रेरक सापडलं. जेवणाआधी ते वाढतं आणि मेंदूला भुकेची वर्दी देतं. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ स्रवतं, ते 'आता पुरे' म्हणतं. पण काही मिनिटांतच विरून जातं. अमेरिकेतल्या हिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात तसाच, पण जास्त टिकणारा पदार्थ मिळाला. त्यावरून बनलेलं मधुमेहाचं औषध तिथे २००५ मध्ये मंजूर झालं. याच वाटेवरची वजन घटवणारी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतातही विक्रीला आली.

बचत गटाच्या बैठकीत बायका आता त्यांच्याबद्दल विचारतात. मी सांगते, लठ्ठपणाचा आजारच असेल तर औषधाची लाज कसली? पण लग्नापूर्वी चार किलो उतरवायला, डॉक्टरांना न विचारता टोचून घेऊ नका. मळमळ, उलट्या होऊ शकतात. औषध थांबवलं की वजन बहुधा परत चढतं. आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईची भूक मारण्याआधी, तिला वेळेवर ताट मिळतं का, हे घराने बघायला नको का?