कार्ड आलं का?

तुमच्या ऑफिसात 'तो' असतोच. लंच अवरमध्ये डब्यातली भाजी गार होत असते आणि हा मोबाइलवर दोन पंखेवाल्या काळ्या ठोकळ्याचा फोटो झूम करून बघत असतो. "आलं की घेणार," म्हणतो. कधी येणार? "लीक आहे, जानेवारी." केवढ्याला? इथे मात्र साहेब एकदम भाजीकडे वळतात.

७ जानेवारी २०२५ च्या सकाळी आठ वाजता असे शेकडो 'तो' जागे होते. एरवी नऊ सत्तावन्नला धापा टाकत पंच करणारी ही जमात! अमेरिकेत तेव्हा ६ तारखेची संध्याकाळ होती. लास व्हेगासच्या स्टेजवर चकचकीत जॅकेट घालून एनव्हीडियाचे जेन्सन हुआंग उभे राहिले आणि त्यांनी आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड जाहीर केलं. ३२ जीबी मेमरी, ५७५ वॉट वीज, किंमत १,९९९ डॉलर. विक्री ३० जानेवारीपासून. म्हणजे चोवीस दिवस नुसतं बसायचं, यूट्यूब बघायचं आणि घरच्यांना कसं पटवायचं याची तालीम करायची.

आपल्याकडचा भाव २,१४,००० रुपये. "अमेरिकेत पावणेदोन लाख आणि इथे सव्वादोन?" म्हणून कोकलणाऱ्यांसाठी छोटंसं गणित. तेव्हाच्या साधारण ८६ रुपयांच्या डॉलरने १,७२,००० होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी लावा, दोन लाख तीन हजाराच्या आसपास आलात. अमेरिकन किमतीत तिथला टॅक्स धरलेला नसतो, आपल्या किमतीत असतो. म्हणजे लूट वाटते तेवढी नाही. पण दोन लाख ते दोन लाखच, बॉस. एवढ्यात दोन स्कूटर येतात.

हे वेड काही आजचं नाही. १९९९ मध्ये आलेल्या जीफोर्स २५६ ला कंपनीने 'जगातला पहिला जीपीयू' म्हणून विकलं, तेव्हापासून दर दोनेक वर्षांनी हा सोहळा होतो. आधी अफवा, मग लीक, मग स्टेज, मग 'आउट ऑफ स्टॉक'. हा शेवटचा अंक तर ठरलेलाच. आणि त्याला कारण आहे. जानेवारी २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हीडियाची कमाई १३० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. त्यातला गेमिंगचा वाटा साधारण ११ अब्ज. बाकीचा मोठा घास डेटा सेंटरचा, म्हणजे एआयवाल्यांचा. ज्या दुकानाच्या गल्ल्यात शंभरातले नऊ रुपये तुमचे असतात, ते दुकान तुमच्यासाठी शटर किती वर करणार?

असो. कट टू पेण.

पेण म्हटलं की तुम्हाला पोह्याचे पापड, मिरगुंडं आणि गणपती आठवणार. अगदी बरोबर. माझी मावशी तिथे दिलेली, आणि काकांचा गणपतीचा कारखाना. (मुंबईकरांसाठी: पेणला मूर्तीच्या वर्कशॉपला 'कारखाना'च म्हणतात. भोंगा वगैरे नसतो.) त्यांचा मुलगा, माझा मावसभाऊ, वय वर्षं चोवीस, हाही ५०९० ची वाट बघत होता. फरक एवढाच की त्याला गेम खेळायचा नव्हता. त्याला गणपती फिरवायचा होता.

म्हणजे काय, तर तो कॉम्प्युटरवर मूर्ती घडवतो. त्रिमितीत. सोंडेची वळी, फेट्याची चुणी, शेल्याची किनार, सगळं. मग ती मूर्ती स्वतःभोवती गोल फिरतेय असा वीस सेकंदांचा व्हिडिओ तयार करून गिऱ्हाइकाला पाठवतो. गिऱ्हाईक असतं कुठल्या तरी परदेशातल्या मंडळाचं. त्यांना मूर्ती बोटीने जाते, म्हणून चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी पसंती पक्की व्हावी लागते. पूर्वी काका मातीचा नमुना करायचे, फोटो जायचे, तिकडून निरोप यायचा की हात जरा वर घ्या. की पुन्हा चार दिवस. आता हात वर करायला चार मिनिटं लागतात. खरा वेळ खातो तो व्हिडिओ.

इथे जरा हिशेब बघा, कारण ग्राफिक्स कार्डाची सगळी गंमत यातच आहे. वीस सेकंद गुणिले सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे ५०० चित्रं. प्रत्येक चित्रात प्रकाशाचा एकेक किरण मुकुटावर आपटून कुठे जातो, हे कार्डाला मोजावं लागतं. त्याच्या जुन्या कार्डावर एका चित्राला सहा मिनिटं लागायची. पाचशे चित्रांना तीन हजार मिनिटं. पन्नास तास! दोन दिवस, दोन रात्री घरात कोणी त्या खोलीतल्या बटणाला हात लावायचा नाही. मावशीने मिक्सरसुद्धा विचारून लावायचा. आणि जूनमध्ये लाइट गेली की? इन्व्हर्टरवर पंखा चालतो, कार्ड नाही.

पण वेळ हा त्याचा अर्धाच प्रॉब्लेम होता. कार्डाची मेमरी म्हणजे कारखान्यातली फळी समजा. फळीवर मावेल तेवढीच मूर्ती रंगवायला घेता येते. याची फळी ८ जीबीची. मूर्तीवर नुसता रंग असेल तर ठीक. पण गिऱ्हाइकाला हवे असतात दागिने, दागिन्यात खडे, खड्यात चमक. एवढं सगळं चढवलं की कार्ड हात वर करायचं, स्क्रीनवर 'मेमरी संपली', काम बंद. मग हा बिचारा गणपतीच्या अंगावरचे दागिने एकेक करून उतरवायचा. काका मागून बघायचे आणि म्हणायचे, "अरे, देव लंकेचा पार्वती झाला की!"

त्याचं ते कार्ड होतं जीटीएक्स १०७०. मॉडेल २०१६ चं, याने सेकंडहँड घेतलेलं २०२० साली. २०२० हे वर्ष पेणमध्ये कोणी विसरत नाही. ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, काकांच्या शेडचे पत्रे उडाले, ओल्या मूर्ती पावसात बसल्या. त्यात कोरोना. सरकारने सार्वजनिक गणपतीला चार फूट आणि घरच्याला दोन फूट अशी उंचीची मर्यादा घातली, आणि आधीच करून ठेवलेल्या मोठ्या मूर्ती तशाच भिंतीला टेकून राहिल्या. याचं कॉलेज बंद होतं. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून हा त्या पडून राहिलेल्या मूर्तींचे चहूबाजूंनी फोटो काढून त्या कॉम्प्युटरवर घडवायला शिकला.

योगायोग बघा. त्या वर्षी अनंत चतुर्दशी होती १ सप्टेंबरला. त्याच रात्री आपल्या साडेनऊच्या सुमाराला हुआंगसाहेबांनी स्वतःच्या घरच्या किचनमधून आरटीएक्स ३०८० जाहीर केलं. किंमत ६९९ डॉलर. इकडे काका विसर्जनाहून परतलेले, तिकडे मुलगा मोबाइलला चिकटलेला. १७ सप्टेंबरला विक्री सुरू झाली आणि सुरू होता होताच संपली. माणसांच्या आधी बॉट नावाच्या सॉफ्टवेअरनी कार्डं उचलली, कंपनीला माफी मागावी लागली. उरलीसुरली क्रिप्टोची खाण खोदणाऱ्यांनी नेली. हा लॅमिंग्टन रोडला फोन करत राहिला. दर वेळी एकच प्रश्न, "कार्ड आलं का?" आणि एकच उत्तर, "नेक्स्ट वीक." सहा आठवड्यांनी कंटाळून १०७० घेतलं. टेम्पररी म्हणून. ते टेम्पररी साडेचार वर्षं चाललं.

म्हणून २०२५ च्या जानेवारीत तो इतका हळवा झाला होता. ३२ जीबीची फळी! पैसेही ठरले होते. काका सीझनच्या अ‍ॅडव्हान्समधून निम्मे देणार होते. काकांनी निम्मे देणं ही साधी गोष्ट नव्हे. "यात हात कुठेय?" हा त्यांचा पहिल्यापासूनचा प्रश्न. माती बोटांना कळते, माऊसला काय कळणार! तरीही देणार होते, कारण त्या फिरणाऱ्या व्हिडिओवर दोन परदेशी ऑर्डरी आल्या होत्या आणि काकांना व्यवहार बोटांइतकाच कळतो.

आणि उजाडला ३० जानेवारी.

अमेरिकेत काही दुकानांबाहेर लोकांनी थंडीत तंबू ठोकले होते. जपानमध्ये लॉटरी काढावी लागली. पेणमध्ये मात्र त्या दिवशी कार्डाचं नाव कोणी काढलं नाही. कारण नेमक्या त्याच तारखेला मुंबई हायकोर्टाने माघी गणपतीच्या तोंडावर पीओपी मूर्तींवरच्या बंदीची काटेकोर अंमलबजावणी करा, असा अंतरिम आदेश दिला. पेण शहर, हमरापूर, जोहे, सगळीकडे एकच विषय. काकांच्या गोडाऊनमध्ये दिवाळीपासून करून ठेवलेल्या पीओपीच्या कच्च्या मूर्ती छतापर्यंत रचलेल्या. त्यांचं काय? शाडू आणायची तर पैसे हवेत, आणि पैसे तर मूर्तींत अडकलेले. कार्डाचे निम्मे पैसे त्या रात्री शाडूकडे गेले. कोणी कोणाला समजावलं वगैरे नाही. मुलानेच सांगितलं, "बाबा, कार्ड राहू दे." मला त्याचा रात्री फोन, "ताई, तसंही आउट ऑफ स्टॉकच आहे गं." हसत होता. मला हसू आलं नाही.

पुढे ९ जूनला कोर्टाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला परवानगी दिली; नैसर्गिक जलाशयात विसर्जन मात्र नाही. पर्यावरणाची बाजू चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. पण मधले चार महिने ज्यांनी काढले त्यांना विचारा.

आता तुम्ही म्हणाल, मग त्याने स्वस्तातलं नवं का नाही घेतलं? स्टेजवर तर सांगितलं होतं की ५४९ डॉलरच्या, आपल्याकडच्या ५९ हजारांच्या ५०७० मध्ये ४०९० ची ताकद आहे. इथेच माझं त्या जॅकेटशी भांडण आहे. ती ताकद येते कुठून? गेम चालू असताना कार्ड एक चित्र खरं काढतं आणि पुढची तीनपर्यंत चित्रं एआयने अंदाजाने भरतं. गेममध्ये खपून जातं, मस्त दिसतं. पण गिऱ्हाइकाला पाठवायच्या मूर्तीचं प्रत्येक चित्र मोजूनच काढावं लागतं. तिथे या जादूचा शून्य उपयोग. शिवाय ५०७० ची फळी १२ जीबीची, ४०९० ची २४. निम्मी! तुमच्या ऑफिसातल्या 'त्या'ला हे सांगून बघा, तो तुमच्याशी दोन दिवस बोलणार नाही.

आमच्या हिरोने मार्चमध्ये वेगळाच रस्ता काढला. २०२० सालचं आरटीएक्स ३०९०, सेकंडहँड. जुनं, पण २४ जीबी. ५०९० च्या निम्म्याहूनही बऱ्याच कमी पैशात. मी त्याच्याबरोबर दुकानात गेले होते. जुनी मारुती घेताना लोक जसं बॉनेट उघडून वास घेतात, तसं त्याने ते कार्ड तपासलं. बिल बघितलं, वॉरंटीची तारीख बघितली. अर्धा तास फुल लोडवर चालवायला लावलं आणि पंख्यांना कान लावून बसला. या मॉडेलमध्ये अर्ध्या मेमरी चिप कार्डाच्या पाठीवर असतात आणि त्याच जास्त तापतात, म्हणून थर्मल पॅड नवे घालून घेतले. दुकानदार म्हणाला, "मायनिंगवालं नाहीये, शप्पथ." सेकंडहँड बाजारातलं प्रत्येक कार्ड एखाद्या आजोबांनी फक्त ईमेल बघायलाच वापरलेलं असतं, हे तर तुम्हाला माहीतच आहे.

पन्नास तासांचं काम आता आठ तासांत होतं. संध्याकाळी लावायचं, झोपायचं, सकाळी बघायचं. मावशीचा मिक्सर मोकळा झाला. दागिने उतरवावे लागत नाहीत. काका हल्ली रात्री जेवल्यावर त्या खोलीत येऊन उभे राहतात आणि मूर्ती मागून दाखव म्हणतात. मागच्या बाजूने मूर्ती कोणी बघत नाही म्हणून तिथे कारागीर टंगळमंगळ करतात, यावर त्यांचा आयुष्यभर राग. मुलाच्या मूर्तीची पाठ त्यांनी अजून पास केलेली नाही.

२०२५ च्या शेवटाला मेमरी चिपच महागल्या, त्याही एआयमुळेच, आणि कार्डांचे भाव खाली यायची वाट बघणाऱ्यांचे चेहरे उतरले. तरी पुढच्या कार्डाच्या अफवा काही थांबलेल्या नाहीत. मी परवा त्याला अशाच एका लीकची लिंक पाठवली. दोन निळ्या टिका आल्या. अर्ध्या तासाने उत्तर आलं, "बघतो ताई. आधी मॉरिशसवाल्यांचा हात खाली घ्यायचाय."