शाळेत ॲनिमेशनची लॅब येणार, पण अमरावती-अकोल्याच्या मुलांच्या हातात पेन येणार का?

१ फेब्रुवारी २०२६ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी एक घोषणा केली. देशातल्या १५,००० माध्यमिक शाळांमध्ये आणि ५०० महाविद्यालयांमध्ये 'एव्हीजीसी कंटेंट क्रिएटर लॅब' उभारल्या जाणार आहेत. एव्हीजीसी म्हणजे ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स. मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या संस्थेकडे हे काम असेल. २०३० पर्यंत या क्षेत्राला २० लाख माणसं लागतील, असा अंदाजही भाषणात होता.

त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं याच क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. त्यात २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा आहे.

घोषणा मोठ्या आहेत. पण चित्र काढणाऱ्या मुलाच्या दृष्टीनं सगळं एका साध्या वस्तूपाशी येऊन थांबतं. लॅबमध्ये गेल्यावर तो कशानं चित्र काढणार? माउसनं, बोटानं की पेननं?

वऱ्हाडाच्या वाट्याला किती येईल?

देशात पावणेआठशेहून अधिक जिल्हे आहेत. १५,००० शाळा सारख्या वाटल्या, तर एका जिल्ह्याला साधारण १९ शाळा मिळतात. अमरावती जिल्ह्यात १४ तालुके आहेत. म्हणजे धारणी, चिखलदऱ्यापासून वरुडपर्यंत प्रत्येक तालुक्याला एक शाळा आणि वर चार-पाच. अकोल्यात ७ तालुके आहेत, तिथे तालुक्यामागे दोन-तीन शाळा येतील. ही फक्त सरासरी आहे. प्रत्यक्षात वाटप कसं होईल, हे निकषांवर ठरेल. पण यातून एक गोष्ट कळते. लॅब मिळालेल्या शाळेतली मुलं कमी आणि न मिळालेल्या शाळांमधली खूप जास्त असतील. त्यामुळे लॅबमध्ये काय येतं याइतकंच, घरी काय परवडतं हेही महत्त्वाचं आहे.

बोट आणि पेन यात फरक काय?

आपल्या मोबाइलची स्क्रीन 'कपॅसिटिव्ह' प्रकारची असते. काचेखाली विजेचं सूक्ष्म जाळं असतं. बोट टेकलं की तिथला विद्युतभार बदलतो आणि फोनला जागा कळते. पण बोटाचा ठसा काही मिलिमीटर रुंद असतो. आपण नेमकं कुठे टेकतोय, ते बोटाखालीच झाकलं जातं. किती जोरात दाबलं, हेही बहुतेक फोनना कळत नाही. मोबाइलच्या दुकानात मिळणारा शे-दोनशे रुपयांचा रबरी टोकाचा स्टायलस म्हणजे एका अर्थानं नकली बोटच. त्यानं हात स्वच्छ राहतो, रेषा सुधारत नाही.

चित्रकाराचा पेन टॅबलेट वेगळ्या तत्त्वावर चालतो. १९८३ मध्ये जपानमध्ये सुरू झालेल्या वाकॉम कंपनीनं हे तंत्र जगभर पोहोचवलं. पाटीच्या आत तारांच्या वेटोळ्यांचं जाळं असतं, ते चुंबकीय क्षेत्र तयार करतं. पेनमध्येही एक छोटं वेटोळं असतं. पाटीकडून मिळालेल्या ऊर्जेवरच पेन उत्तरादाखल संकेत पाठवतो, म्हणून त्याला बॅटरी लागत नाही. टोक दाबलं की संकेत बदलतो आणि संगणकाला दाब कळतो. खोक्यावर लिहिलेला '८१९२' हा आकडा म्हणजे दाबाच्या पायऱ्या. हलकं टेकवलं तर केसासारखी रेषा, जोर दिला तर जाड.

या पाटीला हाताचा तळवा जाणवत नाही, फक्त पेन जाणवतो. अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. घामेजल्या हातानं मोबाइलची स्क्रीन भलतीकडेच उडी मारते. पेन टॅबलेटवर तसं होत नाही. हात नीट सरकावा म्हणून अनेक चित्रकार फक्त करंगळी आणि अनामिका झाकणारा हातमोजा घालतात, तो घरी जुन्या मोज्यातूनही कापता येतो.

कोणतं साधन, किती खर्च?

ढोबळमानानं तीन पर्याय आहेत.

पहिला, स्क्रीन नसलेला पेन टॅबलेट. वाकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन या कंपन्यांचे सुरुवातीचे मॉडेल साधारण तीन ते पाच हजार रुपयांत मिळतात. पाटीवर काढायचं आणि समोरच्या संगणकावर बघायचं. हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे ही सवय लागायला काही दिवस जातात, पण लागते.

दुसरा, पेन डिस्प्ले. यात स्क्रीनवरच चित्र काढता येतं. किंमत पंधरा-वीस हजारांपासून पुढे. सोबत संगणक लागतोच.

तिसरा, पेनसह येणारा स्वतंत्र टॅब. आयपॅड आणि ॲपल पेन्सिल मिळून खर्च चाळीस हजारांच्या घरात किंवा वर जातो. सॅमसंगच्या काही टॅबसोबत पेन मिळतो, तो थोडा स्वस्त पडतो. इथे वेगळा संगणक लागत नाही.

ज्या घरात संगणक नाही, फक्त मोबाइल आहे, तिथे काय? अनेक स्वस्त पेन टॅबलेट ओटीजी कनेक्टरनं अँड्रॉइड फोनला जोडता येतात. फोन उभा असेल तर पाटीचा एकच भाग चालतो, ही अडचण आहे. पण 'आयबिस पेंट'सारख्या मोफत ॲपवर सराव सुरू करायला तेवढं पुरतं. घ्यायच्या आधी खोक्यावर 'अँड्रॉइड' लिहिलंय का आणि आपल्या फोनचं मॉडेल कंपनीच्या यादीत आहे का, हे तपासायला हवं. संगणकासाठी 'क्रिता' हे पूर्ण मोफत सॉफ्टवेअर आहे. सुरुवात करायला फोटोशॉपचं महिन्याचं भाडं भरायची गरज नाही.

इथे कराचा मुद्दाही येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिल, क्रेयॉन, खोडरबर आणि वह्यांवरचा जीएसटी शून्य झाला. पेन टॅबलेट मात्र संगणकाच्या उपकरणांमध्ये मोडतो आणि त्यावर १८ टक्के कर लागतो. ४,००० रुपयांच्या पाटीत सुमारे ६१० रुपये कराचे असतात. कागदावर चित्र काढणं शिक्षण मानलं गेलं, पाटीवर काढणं अजून नाही.

प्रत्येकाला पेन टॅबलेट हवाच का?

नाही. अमरावती-अकोल्यात डिजिटल चित्रकामाची सगळ्यात जवळची बाजारपेठ म्हणजे फ्लेक्स, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर आणि सोशल मीडियाच्या पोस्ट. जानेवारी २०२६ मध्ये दोन्ही शहरांत महापालिकेच्या निवडणुका झाल्या, अशा काळात या कामाला उसंत नसते. हे काम मुख्यतः कोरलड्रॉ आणि फोटोशॉपमध्ये होतं. फोटो कापायचा, अक्षरं बसवायची, रंग भरायचे. त्यासाठी माउस पुरतो.

पण याच कामावर आता एआयनं हात टाकलाय. तयार पार्श्वभूमी आणि देखावे मोबाइलवर काही सेकंदांत मिळतात. फक्त जुळवाजुळव येणाऱ्याची कमाई त्यामुळे आधी घटेल. व्यक्तिरेखा घडवणं, स्टोरीबोर्ड काढणं, ॲनिमेशनमधल्या हालचाली रेखाटणं, हातानं अक्षर काढणं ही पुढची कामं आहेत आणि त्यांना पेन लागतो.

देवनागरी सुलेखनाचंच बघा. आपल्या अक्षराचं वळण बोरूच्या तिरक्या कापातून येतं आणि हा काप रोमन लिपीच्या निबच्या उलट दिशेचा असतो. डिजिटल ब्रश बहुतेकदा रोमन अक्षर डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात. क्रितामध्ये चपट्या ब्रशचा कोन बदलून तो देवनागरीसाठी बसवता येतो. ज्यानं आधी बोरू धरलाय, त्याला हे पाच मिनिटांत कळतं.

कौशल्य आहे, मग अडतं कुठे?

महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांची जुनी परंपरा आहे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असा त्यांचा पाया आहे. इंटरमिजिएटमध्ये अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ वाढीव गुण मिळतात. ॲनिमेशनला लागणारा पाया हाच आहे. पण परीक्षा पूर्णपणे कागदावर होते आणि गुण पदरात पडले की अनेक घरांत चित्रकला तिथेच संपते.

पुढे शिकायचं तर शासकीय कला महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. अमरावती विभागातल्या मुलाला घर सोडावं लागतं. नाहीतर खासगी ॲनिमेशन संस्थेची फी भरायची. तिथे अठराव्या वर्षी पहिल्यांदा पेन हातात येतो, तेव्हा शेजारी बसलेल्या मुंबई-पुण्याच्या मुलाचा चार वर्षांचा सराव झालेला असतो.

शिकवणाऱ्याचा प्रश्न वेगळाच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा जास्त मुलं असतील, तर कलेसाठी अंशकालीन निदेशक द्यायची तरतूद आहे. म्हणजे कायद्यालाच कलेसाठी पूर्णवेळ माणूस अपेक्षित नाही.

लॅब आली तर काय बघायचं?

सरकारी खरेदीत दिसायला मोठ्या वस्तूंची निवड सोपी असते. भिंतीवरचा इंटरॅक्टिव्ह पॅनेल हे त्याचं ठळक उदाहरण. असे बरेच पॅनेल इन्फ्रारेड किरणांच्या जाळीवर चालतात. किरण अडले की स्पर्श कळतो, दाब कळत नाही. शिकवायला ते उत्तम आहेत, पण त्यावर एका वेळी एक-दोनच मुलं उभी राहू शकतात आणि रेषेचा सराव होत नाही.

याउलट, शाळेत संगणक असतील तर २० साधे पेन टॅबलेट ८० हजार रुपयांत येतात. तेवढेच आयपॅड पेन्सिलीसह घ्यायचे तर आठ-नऊ लाख लागतील. पहिल्या पर्यायात वीस मुलं एकाच वेळी चित्र काढू शकतात आणि एखादी पाटी बिघडली तरी लॅब बंद पडत नाही.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत असलेल्या पालकांनी लॅबच्या बाबतीत चार गोष्टी विचाराव्यात. साहित्याच्या यादीत पेन किती आहेत? झिजणारी टोकं बदलायला दरवर्षी पैसे ठेवलेत का? प्रशिक्षण संगणक शिक्षकाला मिळणार आहे की चित्रकला शिक्षकालाही? आणि शाळा सुटल्यावर किंवा सुटीत लॅब उघडी राहील का, शेजारच्या शाळेतल्या मुलांना तिथे बसता येईल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. १४ तालुक्यांच्या जिल्ह्यात १९ लॅब आल्या, तर त्या १९ शाळांपुरत्या राहतात की तालुक्याच्या होतात, हे त्यावरच ठरेल.