पाण्याचा मीटर येतोय? आधी हे विचारा

पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेत घरोघरी एएमआर मीटर बसू लागले, तेव्हा काही ठिकाणी रहिवाशांनी विरोध केला. तुमच्या शहरातही हा विषय निघाला असेल. या मीटरचं रीडिंग रेडिओ लहरींवर बाहेरूनच घेता येतं, कुणी बेल वाजवत नाही. सोय छान! पण पाणी दिवसातून दोनच तास येत असेल, तर रिकाम्या पाइपमधली हवा पाण्याआधी धावते आणि चक्रीचा मीटर फिरवते. म्हणजे हवेचंही बिल! म्हणून नगरसेवकांना मीटरच्या कंपनीचं नाव नंतर विचारा, आधी विचारा, पाणी किती तास येणार?

आणि मीटर बसला की टाकी भरल्यावर, सगळे नळ बंद करून आकडा बघा. तरीही सरकतोय? मग गळती तुमच्याच लाइनमध्ये आहे. प्लंबरला बोलवा.