शक्तीची गोळी

आपल्या भागातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहावे, म्हणजे एक मागणी हमखास कानी पडते : “अंगात ताकद नाही, काहीतरी शक्तीचं द्या.” मागणारी बहुधा बाईमाणूस असते. कुणी उल्हासनगरात दिवसभर जीन्सचे धागे कापून आलेली, कुणी अंबरनाथच्या एमआयडीसीतून सुटलेली, कुणी बदलापूर लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून उतरलेली. दुकानदार एक पट्टी पुढे करतो, ती पैसे मोजते आणि व्यवहार संपतो. या व्यवहारात तिच्या रक्ताची चौकशी कोणीच करीत नाही, याचे मला नवल वाटते.

आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी पहिलीच. माझी आई दोन वर्षे अशाच महागड्या कॅप्सूल घेत होती. खोक्याच्या पाठीवरचे बारीक अक्षर मी वाचून पाहिले, तर त्या लांबलचक यादीत लोहाचे नावच नव्हते! पुढे रक्त तपासले, हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. बाईचे निदान बारा तरी हवे.

ही गोष्ट आमच्या एका घरची नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आणि या प्रश्नाचा एक मोठा शोध तर आपल्या मुंबईतच लागला आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई येथे आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गर्भार बायांचा रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. या बाया काय खातात हे त्यांनी बारकाईने पाहिले आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने त्यांना गुण येतो हे दाखवून दिले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. ते १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. विल्सबाईंनी आधी उणीव शोधली, मग उपाय दिला. आपण मात्र शंभर वर्षांनंतरही खोक्यावरचे चित्र पाहून गोळी निवडतो.

मग चांगली गोळी कोणती? माझ्या मते, जिच्यात आपल्याला कमी असलेली वस्तू रोजच्या गरजेइतकी आहे, ती. आपल्या देशाच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. बी-१२ लागते अवघे २.२ मायक्रोग्रॅम, पण ते भाजीभाकरीत नसते. माळकरी घरात दूधही बेताचे असेल, तर त्याकडे लक्ष हवे. गरजेच्या दहापट आकडे छापलेली गोळी दहापट गुणकारी नसते. जादा ‘बी’ बरेचसे लघवीवाटे जाते, लघवी पिवळीधमक होते ती त्यामुळेच. परंतु ‘ए’ आणि ‘डी’ शरीरात साठतात व अपायही करू शकतात. लोहाची गोळी चहाबरोबर तर मुळीच घेऊ नये. (आमच्याकडे चहाशिवाय गोळी गिळतच नाहीत, ही गोष्ट वेगळी!) पुष्कळ पट्ट्यांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे इंग्रजीत छापलेले असते. तो माल कायद्याने अन्नात मोडतो. रक्तक्षयावरचा इलाज म्हणून तो घेण्यात अर्थ नाही.

पैशाची अडचण कोणी सांगेल. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी नि:शुल्क आहे. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय त्यांतलेच. लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्याही सरकार फुकट देते. त्यांना चकचकीत खोके नाही, म्हणून त्या आपल्याला हलक्या वाटतात.

आपल्या महाविद्यालयांतून रक्तदान शिबिरे भरतात. हिमोग्लोबिन साडेबारा नसेल तर रक्त घेत नाहीत, आणि कितीतरी मुली तिथूनच परत फिरतात. “कमी आहे, खात जा,” एवढेच त्यांना सांगितले जाते. प्राध्यापकवर्गाला माझी विनंती आहे की, यापुढे परत पाठवलेल्या प्रत्येक मुलीच्या हाती तिचा आकडा लिहिलेली चिठ्ठी द्यावी, आणि महिनाभराने तिची पुन्हा तपासणी करावी.