साप नव्हे, बेडकाचा भाऊबंद!

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे मुख्य गट पाच : मासे, उभयचर, सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी. मात्र नुसत्या रूपावरून गट ठरवला, तर फसगत होते. ईशान्य भारतात मातीखाली राहणाऱ्या बिनपायांच्या 'चिकिला'ला लोक विषारी साप समजून मारतात. वास्तविक तो बेडकासारखाच उभयचर! सापाची कातडी कोरडी, खवल्यांची. याची ओलसर, वळ्यावळ्यांची. २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे एस. डी. बिजू व सहकाऱ्यांनी त्याचे स्वतंत्र कुळ जगापुढे आणले. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून दोन-तीन महिने राखण करते. माणसाला तिचा उपद्रव नाही. तेव्हा मातीत असा जीव दिसला, तर काठी उगारू नये. बाजूला होऊन त्याला वाट द्यावी.