मैदानात टेक्सास उतरत नाही

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा सुरू झाला की अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर शालेय फुटबॉलचे पूर्वरंग झळकू लागतात. हा फुटबॉल अर्थात लांबट चेंडूचा, चेंडू काखोटीला मारून पळण्याचा अमेरिकन फुटबॉल. कॅलिफोर्नियातली एखादी बलाढ्य शाळा फ्लोरिडातल्या तशाच शाळेशी भिडणार असते, किंवा न्यू जर्सीचा संघ ओहायोला जाणार असतो. लेखांचे शब्द दर वर्षी जवळजवळ तेच असतात. फ्लोरिडाचा वेग, टेक्सासची शिस्त, ओहायोचा चिवटपणा. सोळा-सतरा वर्षांच्या अकरा मुलांच्या पाठीवर एका अख्ख्या राज्याचा स्वभाव लादला जातो आणि कोणता स्वभाव जिंकेल याचा कौल दिला जातो.

या लेखनाला वैतागलेला दुसरा पक्षही आहे. त्याचं म्हणणं असं की ज्या दोन संघांचा एकही समान प्रतिस्पर्धी नाही त्यांच्याबद्दल आधी काही लिहिणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. शाळकरी मुलांना विमानात घालून हजारो किलोमीटर न्यायचं, त्यांचे सामने वाहिन्यांना विकायचे आणि वर त्याची भाकितं छापायची, हा सगळा बाजार बंदच करावा. शेजारच्या गावाशी खेळा आणि घरी जा.

मला हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत. पहिल्याने या लेखनाचा विषयच चुकीचा धरला आहे, आणि दुसऱ्याने त्या चुकीला कंटाळून विषयच टाकून दिला आहे.

आधी प्रांताच्या स्वभावाकडे पाहू. ही कल्पना या सामन्यांइतकीच जुनी आहे आणि पहिल्यापासून खोटी ठरत आली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फुटबॉल म्हणजे पूर्व किनाऱ्याची मिरास समजली जाई. येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन ही त्याची पीठं होती. 1902च्या डिसेंबरात ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निक प्रिपरेटरी शाळेचा संघ शिकागोला गेला आणि हाइड पार्क हायस्कूलकडून 105–0 असा हरला. टचडाउनला तेव्हा पाचच गुण मिळत आणि चेंडू पुढे फेकण्याची मुभा नव्हती, ती 1906 साली आली. त्या काळातला हा आकडा आहे. हाइड पार्कच्या संघात वॉल्टर एकरसॉल होता, जो पुढे शिकागो विद्यापीठाकडून खेळून देशभर गाजला. पुढच्याच वर्षी शिकागोच्या नॉर्थ डिव्हिजन शाळेने ब्रुकलिनच्या बॉइज हायस्कूलला 75–0 असं हरवलं. पूर्व श्रेष्ठ, हा सिद्धांत तिथेच कोसळायला हवा होता. तो कोसळला, पण त्याच्या जागी पश्चिम श्रेष्ठ हा दुसरा सिद्धांत उभा राहिला.

त्याचीही वासलात लागलीच. 1912 साली शिकागोला लागून असलेल्या ओक पार्कचा शालेय संघ बॉस्टनला गेला आणि फेनवे पार्कवर मॅसॅच्युसेट्सच्या एव्हरेटला त्याने 32–14 असं हरवलं. दोन वर्षांनी, 1914 साली, त्याच एव्हरेटने त्याच ओक पार्कला 80–0 असं धुऊन काढलं. एव्हरेटने त्या हंगामात एकूण 600 गुण केले आणि एकही गुण दिला नाही. शाळा त्याच आणि प्रांतही तेच. दोन वर्षांत मध्य-पश्चिमेच्या रक्तातला कणखरपणा आटला आणि न्यू इंग्लंडच्या रक्तात तो उतरला, असं कुणी म्हणणार आहे का? एक साधी गोष्ट मात्र बदलली होती. 1912 साली ओक पार्कचा प्रशिक्षक बॉब झुप्के होता. 1913 साली तो इलिनॉय विद्यापीठात गेला आणि तिथे महाविद्यालयीन फुटबॉलमधलं मोठं नाव झाला. एव्हरेटची ती मुलं विलक्षण होती हे खरंच आहे, पण ओक पार्कच्या बाजूने पाहायचं तर तो माणूस तिथे उरला नव्हता. 1914च्या सामन्याआधी लिहिताना सांगण्यासारखी पहिली गोष्ट हीच होती.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली असं वाटत असेल, तर 2007 साली या. त्या सप्टेंबरात डॅलसमध्ये टेक्सासची साउथलेक कॅरल आणि फ्लोरिडाची मायामी नॉर्थवेस्टर्न समोरासमोर आल्या. देशातला पहिला आणि दुसरा क्रमांक, दोन्ही संघ आदल्या वर्षीचे राज्यविजेते, आणि कॅरलने ओळीने 49 सामने जिंकलेले. तीस हजारांच्या आसपास प्रेक्षक आले. सामन्याची जी चर्चा झाली तिचा सूर होता शिस्त विरुद्ध वेग. इथे मला केवळ चूक दिसत नाही, अन्याय दिसतो. साउथलेक हे डॅलस–फोर्ट वर्थच्या परिसरातलं श्रीमंत, बहुतांशी गोऱ्यांचं उपनगर. नॉर्थवेस्टर्न ही मायामीच्या लिबर्टी सिटी या कृष्णवर्णीय वस्तीतली शाळा. एका बाजूला शिस्त आणि डोकं, दुसऱ्या बाजूला उपजत वेग, अशी वाटणी झाली की ती कोणत्या रेषेवर झाली हे वेगळं सांगावं लागत नाही. नॉर्थवेस्टर्नचा क्वार्टरबॅक जॅकोरी हॅरिस चेंडू फेकण्याआधी बचावाची मांडणी वाचत होता, क्षणात निर्णय घेत होता. ती शिस्त आणि ते डोकं नव्हे, तर दुसरं काय? नॉर्थवेस्टर्नने सामना 29–21 असा जिंकला.

प्रांताच्या स्वभावाने व्यापलेल्या जागेत काय मावलं असतं ते पाहा. दोन्ही संघांचे प्रशिक्षक त्या हंगामात बदललेले होते. कॅरलचा साम्राज्यकर्ता टॉड डॉज नॉर्थ टेक्सास विद्यापीठात गेला होता आणि त्याच्या जागी हॅल वॉसन आला होता. नॉर्थवेस्टर्नची सूत्रं बिली रोलने घेतली होती. आदल्या वर्षीच्या अजिंक्यपदांवर बेतलेला कोणताही हिशेब या एका माहितीने डळमळतो.

प्रांताचा स्वभाव सोडून जे थोडं शास्त्रीय बोलू पाहतात, ते मानांकनं आणि तारे मोजतात. कोणत्या संघातल्या किती मुलांना मोठ्या विद्यापीठांची बोलावणी आहेत, याची बेरीज करून ते पारडं ठरवतात. यावर 2001चा ऑक्टोबर हे माझं उत्तर आहे. उत्तर कॅलिफोर्नियातल्या काँकर्डची डे ला साल आणि दक्षिणेतली लाँग बीच पॉली यांच्या सामन्यात देशातला पहिला आणि दुसरा क्रमांक प्रथमच समोरासमोर येत होते. डे ला साल ही हजारेक मुलांची कॅथलिक शाळा, तर पॉली ही साडेचार हजारांच्या घरातली सरकारी शाळा आणि व्यावसायिक खेळाडूंची खाण. मार्सिडीस लुइस, विन्स्टन जस्टिस, डार्नेल बिंग हे पुढे एनएफएलपर्यंत पोहोचलेले खेळाडू एकाच वेळी तिच्या संघात होते. ताऱ्यांच्या बेरजेत डे ला साल हलकी ठरत होती. ती 29–15 अशी जिंकली. चारही टचडाउन मॉरिस ड्रूने केले आणि पुढे तोही एनएफएलमध्ये गाजला. पण त्याच्यासाठी वाट मोकळी झाली ती आघाडीच्या फळीमुळे. डे ला सालचे प्रशिक्षक बॉब लादूसर यांची मुलं चेंडू हलताच एकत्र, खाली वाकून, अंगाने मोठ्या मुलांच्या छातीखाली शिरत. बोलावण्यांच्या यादीत हे तंत्र नसतं. सरावाला जाऊन दोन तास उभं राहिलं तर दिसतं, आणि पूर्वरंग लिहिणाऱ्याने तिथेच उभं राहायला हवं.

याच डे ला सालची 1992पासून चाललेली 151 विजयांची मालिका 4 सप्टेंबर 2004 रोजी सिअॅटलमध्ये तुटली. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूने तिला 39–20 असं हरवलं. मालिकेच्या आकड्याने ज्यांचे डोळे दिपले होते त्यांना हा चमत्कार वाटला. पण कागदावर काय काय होतं? बेलव्ह्यू सलग तीन वर्षं आपल्या गटातला राज्यविजेता होता. तो ‘विंग-टी’ ही पन्नास वर्षांपूर्वीची, बऱ्याच जणांनी मोडीत काढलेली रचना खेळत होता. तिच्यात तीन-चार खेळाडू एकमेकांना छेदून धावतात, चेंडू कुणाकडे आहे हे शेवटपर्यंत लपवलं जातं आणि आघाडीच्या फळीतले गार्ड आपली जागा सोडून आडवे धावत पुढची वाट साफ करतात. ज्यांनी ती रोज पाहिलेली नाही त्यांना काही दिवसांत तिच्याविरुद्ध तयार होणं फार अवघड जातं. डे ला सालचा संघ बराचसा नवा होता, हंगामातला पहिलाच सामना होता आणि हजार किलोमीटरहून दूर खेळायचा होता. आणि 12 ऑगस्टला, सामन्याच्या तीन आठवडे आधी, त्याच शाळेतून नुकताच बाहेर पडलेला, ओरेगन विद्यापीठात जायला निघालेला टेरन्स केली रिचमंडमध्ये गोळीबारात मारला गेला होता. त्याच्याबरोबर वाढलेली मुलं मैदानात उतरणार होती. हे सगळं मांडणारा लेख बेलव्ह्यू जिंकेल असं न म्हणताही वाचकाला सामना पाहायला तयार करतो. वाचकाची नजर चेंडूवरून निघून गार्डांवर जाते, आणि एकदा ती तिथे गेली की हा खेळ कायमचा वेगळा दिसू लागतो. पूर्वरंगाचं काम मी हेच मानतो.

आता बंद करा म्हणणाऱ्यांकडे वळतो. त्यांच्या हातातलं सर्वांत धारदार शस्त्र म्हणजे 29 ऑगस्ट 2021चा कँटन, ओहायोतला सामना. ईएसपीएनवर देशभर दाखवलेल्या त्या लढतीत फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीने ‘बिशप सिकॅमोर’ नावाच्या संघाला 58–0 असं हरवलं. सामना चालू असतानाच समालोचकांना सांगावं लागलं की या शाळेने आपल्या खेळाडूंबद्दल दिलेली माहिती पडताळता आलेली नाही. संघ दोनच दिवसांपूर्वी दुसरा सामना खेळून आला होता. इतक्या आघातांच्या खेळात हे धोक्याचं आहे. पुढे ओहायोच्या शिक्षण खात्याने चौकशी केली आणि ही शाळा म्हणजे फसवणूक असल्याचा निष्कर्ष काढला.

हे वाचून राग येतो आणि तो यायलाच हवा. पण यातून लेखन बंद करा हा निष्कर्ष निघत नाही, उलटाच निघतो. आदल्याच वर्षी याच दोन संघांचा सामना 56–6 असा झाला होता. शाळेची इमारत कुठे आहे, ती राज्य संघटनेची सदस्य आहे का, मागचा सामना कधी झाला, हे प्रश्न विचारायला कुठलीही गुप्त विद्या लागत नाही. सामना प्रक्षेपणात जाण्याआधी कुणीतरी आपलं नाव खाली घालून ही चार वाक्यं छापायला हवी होती. पूर्वरंगाचा पहिला धर्म पडताळणी आहे आणि कँटनला त्याचीच उणीव होती.

शिवाय, हे सामने बंद झाले तर काय हरवेल ते आक्षेपकांनी पाहिलेलं नाही. अमेरिकेत शालेय फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा नाही. चौदा हजारांवर शाळा खेळतात, पण अजिंक्यपद राज्याच्या सीमेवर संपतं. ‘यूएसए टुडे’ने 1982पासून पहिल्या पंचवीस संघांची यादी सुरू केली आणि आता संगणकही क्रमवारी लावतात. पण जॉर्जियातले संघ आपापसातच खेळत राहिले, तर नेवाडाच्या तुलनेत ते कुठे आहेत हे कोणत्याही गणिताला कळणार नाही. आंतरप्रांतीय सामने मोजकेच होतात आणि त्यांच्याच आधारावर सगळी क्रमवारी तोललेली असते. ते नसतील तर उरेल फक्त ज्याची त्याची बढाई, म्हणजे पुन्हा प्रांताचा स्वभाव.

प्रांतांत खरे फरक नाहीत असं मी म्हणत नाही. फरक आहेत, पण ते रक्तात नसून नियमपुस्तकात आणि दिनदर्शिकेत आहेत. बहुतेक राज्यं शालेय महासंघाचे नियम पाळतात, टेक्सास मात्र महाविद्यालयीन नियमांवर चालतं. शालेय नियमांत सलामीचा फटका गोलरेषेच्या आत गेला की चेंडू तिथेच मृत होतो. महाविद्यालयीन नियमांत तो उचलून पळत बाहेर येता येतं. ज्या संघाकडे चपळ परतवणारा आहे त्याला या एका कलमाने सामना मिळू शकतो किंवा गमवावा लागू शकतो. बरोबरी झाली तर एकीकडे साधारणपणे दहा यार्डांवरून खेळ सुरू होतो, दुसरीकडे पंचवीस यार्डांवरून. कुठे वसंतात सरावाची परवानगी आहे, कुठे नाही. एखाद्या राज्यात हंगाम दोन आठवडे आधी सुरू होतो, म्हणून एक संघ दोन सामने खेळून आलेला असतो आणि दुसऱ्याने अजून एकही खेळलेला नसतो. वाचकाला हे सांगितलं की टेक्सास आणि फ्लोरिडा या शब्दांना काही अर्थ येतो. डॅलसच्या उपनगरांत आणि बे एरियात आता मराठी घरंही बरीच आहेत. त्यांची मुलं याच शाळांत शिकतात, शुक्रवारी संध्याकाळी हीच मैदानं पाहतात. त्या आईवडिलांना खेळ समजून घ्यायचा असेल, तर स्वभावाच्या गोष्टींपेक्षा सलामीच्या फटक्याचं ते एक कलम त्यांच्या जास्त उपयोगी पडेल.

आक्षेपकांची एक गोष्ट मी बिनशर्त मान्य करतो. ही मुलं अल्पवयीन आहेत. व्यावसायिक खेळाडूबद्दल ज्या भाषेत लिहितात ती इथे चालणार नाही. अमुक मुलगा संघाचा कच्चा दुवा आहे, असं नावानिशी छापण्याचा हक्क मी कुणाला देत नाही. बचावाची डावी बाजू नवखी आहे एवढं सांगितलं तरी खेळ समजतो. सामना कुणी जुळवला, प्रवासाचा खर्च कोण करतं, दोन सामन्यांत किती दिवसांची विश्रांती मिळाली आणि ऑगस्टच्या उन्हात खेळ किती वाजता सुरू होणार, हेही लेखात आलंच पाहिजे, कारण मुलांच्या शरीराचा प्रश्न तिथे आहे. आणि कोण जिंकेल याचा अंदाज द्यायचाच असेल तर तो शेवटच्या ओळीत द्यावा. तो चुकला तर पुढच्या आठवड्यात त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत, काय दिसलं नव्हतं ते लिहावं.