फक्कीच्या रेघेपलीकडे

शालेय क्रीडास्पर्धांचा मोसम आला की मैदानावर फक्कीच्या रेघा उमटतात आणि स्पीकरवरून दिवसभर एकच विनवणी चालते, ‘पालकांनी कृपया रेघेच्या मागे उभं राहावं.’ पालक मागे सरतात आणि पुढच्या शर्यतीला पुन्हा पुढे येतात. आपलं पोर धावतंय म्हटल्यावर मोबाइल घेऊन फितीपाशी उभं राहण्याचा मोह कुणाला आवरतो? पण शंभर मीटर सुसाट आलेलं पोर फितीपाशी थबकू शकत नाही, आणि नेमक्या त्याच्या वाटेत एखादे काका चित्रीकरण करत असतात.

तिथे फार तर गुडघे फुटतात. फेकीच्या खेळांत तेवढ्यावर भागत नाही.

नीरज चोप्राने 2021 मध्ये टोकियोत सुवर्णपदक जिंकल्यापासून भाल्याचं वेड वाढलं, ही आनंदाचीच गोष्ट. नियमानुसार भाला पडण्याचं क्षेत्र पंख्यासारखं रुंदावत जातं: चाळीस मीटरवर वीस मीटर रुंद. ही आखणी मोजमापासाठी असते, चुकलेला भाला तिच्या बाहेरही जातो. म्हणजे दोन्ही बाजूंना आणखी मोकळी जागा हवी. आपल्याकडे तिथेच खो-खोचं मैदान आखलेलं असतं. फेकलेलं साधन हातात धरून परत आणायचं, उलट फेकायचं नाही, असाही स्पष्ट नियम आहे. तो किती शाळांत पाळला जातो, हे कुठल्याही सरावाला जाऊन पाहावं.

सप्टेंबर 2023 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात सरावाच्या वेळी डोक्यात भाला लागून एक शाळकरी मुलगा दगावला. त्याआधी ऑक्टोबर 2019 मध्ये केरळमधल्या पाला इथे राज्य कनिष्ठ अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत हातोडाफेक आणि भालाफेक एकाच वेळी चालू होती. भाले गोळा करायला गेलेल्या अकरावीतल्या मुलाच्या डोक्यावर हातोडा आदळला. दोन-अडीच आठवड्यांनी तो गेला. तो खेळाडू म्हणून तिथे नव्हता, स्वयंसेवक होता.

खरी गोम इथे आहे. शाळेच्या मैदानावर निव्वळ प्रेक्षक असा कुणी नसतोच. आठवी-नववीतली पोरं पाहायला येतात आणि सर त्यांना कामाला लावतात: फीत धर, गोळा आण, भाला उपट. खेळाडूंसाठी नियमांची पुस्तकं आहेत, या पोरांसाठी सरांची फक्त एक हाक. पालकांना मागे रेटण्यात सगळी शक्ती खर्च होते आणि सर्वांत धोक्याच्या जागी मात्र आपणच मुलं पाठवतो.

बसण्याच्या व्यवस्थेचं वेगळं काय सांगावं? मार्च 2021 मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेटला कनिष्ठ राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेची तात्पुरती गॅलरी कोसळून शंभरावर माणसं जखमी झाली. तालुक्याच्या सामन्यांना मांडववाल्याने बांधलेल्या पायऱ्यांचा भार कोण तपासतं?

फेकीच्या जागी मुलांना जपायला फार पैसा लागत नाही. फेकीचा एका वेळी एकच प्रकार, भोवती दोर, आणि शिट्टी घेतलेला एक मोठा माणूस, ज्याच्याकडे दुसरं कुठलंही काम नाही. शेवटच्या मुद्द्यावरच गाडी अडते, कारण क्रीडाशिक्षक एकटेच असतात आणि गुणलेखनही तेच करतात. मग इतर विषयांच्या शिक्षकांना उभं करा, पालकांना करा. ते मोबाइल घेऊन आलेलेच असतात.

या वर्षी संमतीपत्र घरी आलं की सही करण्याआधी शाळेत विचारा, भाले आणि गोळे उचलून कोण आणणार आहे? उत्तर ‘मुलंच आणतात’ असं आलं, तर सही करू नका.